औसेकर साहेबांची पद्धत

उस्मानाबादच्या मोटार स्टँडवर तुळजापूरच्या गाडीसाठी बसलेल्या प्रमिलाला मागच्या बाकावरून वडिलांचं नाव ऐकू आलं. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. वळून न पाहता ती ऐकत राहिली.

“औसेकर साहेब गेले आन् पावर हाऊस माझ्या गळ्यात आलं, लिंबाजी. फिटर म्हणतो इंजिन खोला, वायरमन म्हणतो हात लावू नका.”

“मुनवरभाई, तुमी आता हेडमिस्त्री. हुकूम सोडा.”

“आज हुकूम सोडला, तर पुढच्या बारीला खरं कोण सांगंल मला? साहेब काय करायचे, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? फिटरला वायरमनची बाजू मांडायला लावायचे, वायरमनला फिटरची. समोरचा ‘व्हय, हेच म्हणतोय मी’ म्हणंस्तोवर कुणाला चहा न्हाय.”

“तुझ्या हट्टापायी एकदा सांज झालती.”

“आन् साहेब आमच्यासंगं उपाशी बसलेले. हसत.”

“उद्या तसंच करून बघतो. पर त्यांच्यावानी थांबणं जमंल का मला?”

तेवढ्यात तुळजापूरची गाडी लागली. प्रमिला पिशवी घेऊन उठली, पण मागं वळली.

“मामा, त्यांचं अजून सांगा ना.”

“तुमची गाडी जाईल की, बाई.”

“जाऊ द्या.”