नकाशावरची टिंबं

सोलापूरच्या एसटी स्टँडवर एक मुलगी मांडीवर नकाशा पसरून बसली होती. शेजारच्या घोंगडीवाल्या म्हाताऱ्यानं वाकून विचारलं,

"कसली टिंबं ही, बाळ?"

"एका झुडपावर पीएचडी करतेय, आजोबा. सापडलं तिथं टिंब. हे बघा, वाळवून कागदावर चिकटवलंय."

"आरं, ही तर चिकटी! हिच्या बिया लोकरीत लई गुतत्यात."

"तीच. माढ्यात आहे, मंगळवेढ्यात आहे, मधे मैलोन्मैल सोडून एखादं टिंब. कशी पोचली, तीन वर्षं शोधतेय. सर म्हणतात, वाऱ्यानं."

"वारा कशाला? ही निळी रेघ भीमा न्हवं?"

"हो."

"दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी माढ्यातनं निगतो. पयला मुक्काम हितं. मग हितं, वढ्याच्या कडंला. भीमा वलांडली की ह्या माळावर."

"थांबा, आजोबा. तुम्ही बोट ठेवताय ती सगळी माझी टिंबं आहेत."

"तुजी कशी? आमचे तळ हायती."

"किती वर्षांपासून?"

"माज्या आज्याच्या आज्यापासनं."

"हीच वाट?"

"वाट मेंढरं धरत्यात. आमी मागनं."

मुलीनं पेन काढून सगळी टिंबं एका रेघेनं जोडली.

"पर तुजा एक तळ राहिलाय बग. हितं, दोन टेकाडांच्या मधी."

"तिथं मी गेलेच नाही."

"तितं गुडघ्याएवढी हाय चिकटी."

"हा पेन घ्या. टिंब तुम्हीच काढा."

"मला लिवता येत न्हाय, बाळ."

"मलाही हा नकाशा वाचता येत नव्हता, आजोबा. काढा."

म्हाताऱ्यानं आधी हात धोतराला पुसला.