खोटा पेशंट

हासू नका बाप्पा, पैले पुरं ऐकून घ्या! तुमाले सांगतो, या दवनीवाड्यात हासनाऱ्यांनीच माहा घात केला. आपला रत्नपाल डॉक्टर... लहानपनी माह्या वाडीतले पेरू चोरे, आता गावातच दवाखाना टाकून खोकला-ताप पाहते. बरं चाललं होतं ना? तं त्याले सुचलं, मनाच्या बिमारीचा कोर्स कराचा! वर्षभर कम्प्युटरवर शिकला. मी म्हनलं, "काऊन बे डॉक्टर, मनाले सुई कुठून टोचाची?"

तं म्हने, "आबाजी, माही परीक्षा हाय. नागपूरची मॅडम कम्प्युटरवरून पाहनार. खोटा पेशंट पायजे. तुमी दंडारीच्या खेळात इतके सोंगं केले, एक माह्यासाठी करा. एवढंच म्हना, झोप येत नाई."

मले शिकवते? ज्यानं एकदा मेल्याचं सोंग करून सारं गाव रडवलं अन् तिरडी बांधून झाल्यावर चहा मागतला, त्याले?... हासू नका! तेच सोंग आंगावर आलं ना जी!

झालं असं, माहा दोस्त उदाराम औंदा धानकापनीच्या टायमाले चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या मेला. मी गंमत सांगून राहिलो होतो, शेवट सांगाचाच होता, अन् हा कपासकट खाली! हार्टच बंद. तवापासून भर दुपारी छाती धडधड धडधड, हातपाय गार, वाटते आता आपला नंबर. "पार्वताबाई, मी मरून राहिलो!" तं बायको तांदूळ पाखडता पाखडता म्हनते, "मरा. पन या बारीले चहा नाई भेटनार." सांगा, असं बोलते का कोनी?

तं बसलो खुर्चीवर. टेबलावर कम्प्युटर, त्यात चस्मा लावलेली मॅडम. रत्नपाल इचारते, "आबाजी, काय होते?" म्हनलं, झोप येत नाई. माहं काम खतम! पन हा गडी बोलेचना. नुसता पाहे. मी डोळा मारला, तरी चूप! डॉक्टर कधी चूप बसते का? आपन 'अ' म्हनलं का याईची चिठ्ठी तयार! अन् हा चूप... मलेच भेव वाटलं, अन् तोंडातून निंगालेच लागलं: देवरीची बस आली का पाय उचलत नाई, चहा पाहिला का हात कापते, गंमत सांगाले तोंड उघडलं का वाटते, समोरचा आता पडते... बोलतच गेलो बाप्पा!

मॅडम म्हने, "वाह बाबूजी, क्या ॲक्टिंग है!" मीबी हासलो. रत्नपाल नाई हासला. हळूच म्हनला, "आबाजी, मी तं झोपेचंच सांगतलं होतं. बाकीचं कुठून आनलं?"

हासू नका! सत्तर वर्सात माह्या सोंगावर न हासनारा हा पैला मानूस. तवा जे भेव वाटलं, ते तिरडीवरबी नाई वाटलं.

मंग त्यानं छातीले तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. "हार्ट चांगलं हाय आबाजी. ही भेवाची बिमारी हाय, बरी होते." गोळी देली, दर मंगळवारी बोलाले बोलावलं. तो पास झाला, अन् सोंगात नापास झालो मी!

घरी येऊन सांगतलं, "पार्वताबाई, सोंग नाई, मले खरीच बिमारी हाय." तं सूप खाली ठेवून हासे, डोळ्याले पदर लावून हासे. "वा जी! मेल्याच्या सोंगापेक्षा हे बेस जमलं!"

...हासा बाप्पा, तुमीबी हासून घ्या. मंगळवार अजून लांब हाय.