सरळ इचारायचं

— आवो, टेका की पावणं, किती उभं ऱ्हाणार! बनाबाई घिऊनच येतीया तुमच्या अनुजाला — बनाबाई म्हंजे आमची मालकीण ओ — आंघोळ-बिंघोळ उरकून दोघी हितंच येणार, कट्ट्यावर. तवर ह्यो ग्लास घ्या. तुमच्या म्होरंच पिळलंय, म्हशीच्या सडातनं सरळ ग्लासात — मिशीला फेस लागला न्हाय तर कोल्हापुरात आलासा कशाला? शिरोळास्नं पयल्या येष्टीनं आलाय, पोटात काय न्हाय, कळतंय की तोंडावरनं. हळू, हळू! शर्टावर सांडंल.

व्हय, फोन मीच केलता. ‘बाळासो गवळी बोलतोय’ म्हणल्यावर तुम्हाला वाटलं आसंल, ह्यो कोण उपटला? तर ऐका. डाक्टरकीच्या परीक्षेचा क्लास सुटला की तुमची पोरगी रोज सांजच्याला हितं येती, वरीस झालं. पयल्या दिवशी नाक मुरडून म्हणती, ‘मामा, हे गरम करून न्हाय का मिळत?’ म्हणलं, म्हशीनंच गरम करून दिलंय की! आसली हसली — तवापास्नं मी मामा. समद्या म्हशींची नावं पाठ हायत तिला. पण गेलं पंधरा दिस काय तरी बिनसलंतं. दोन घोट घ्यायची, बाकी तसंच. मैत्रिणी म्होरं, ही मागं. मग म्या काय केलं? आपल्याकडं औषध एकच — आजून एक ग्लास! पी, अंग धर, समदं बरं हुतंय. येडा माणूस मी.

काल आली ती हॉस्टेलवरचं आपलं ब्लँकेट आन पाणी तापवायची किटली घिऊन. म्हणली, ‘मामींना द्या मामा, मला न्हाय लागणार आता.’ आन आवाज कसा — एकदम हलका, मोकळा! पंधरा दिसांनी हसली पोरगी. मला बरं वाटलं. चेष्टाबी केली, लगीन ठरलं व्हय गं, जेवाण कवा? आन किटली घ्यायला हात केला, तर हात तिथंच ऱ्हायला.

का म्हंजे? — ते जाऊ द्या. तुमचा ग्लास — आता आसं बघू नगा माझ्याकडं. आमचा मोहित. फुटबॉल खेळायचा, पेठेच्या टीममधनं. सीझन तोंडावर आन पोरानं नवंकोरं बूट देऊन टाकलं दोस्ताला, जर्सीबी दिली. आन मी, बाप — ह्याच कट्ट्यावर छाती फुगवून सांगत फिरलो, माझं पोरगं राजा मनाचं हाय, जे मागंल ते देतंय! त्या आनंदात चार जणांना फुकट दूध पाजलं. आठ दिसात गेला. आपणहून गेला. सहा वर्सं झाली, लोकांना अपघात म्हणून सांगतोय. तुम्हाला कशाला सांगितलं कुणास ठाऊक. प्या, निवतंय.

तर — किटली खाली ठिवली आन सरळ इचारलं, ‘अनुजा, जीव द्यायचं मनात हाय का तुज्या?’ व्हय, ह्याच शब्दांत! शेजारचा विजयसिंह धार काढायचा थांबला — ‘आवो, नसलेलं कशाला घालताय पोरीच्या डोस्क्यात!’ इचारल्यानं डोस्क्यात जात न्हाय, आसलं तर भायेर येतंय — हे दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईंनी मागनं सांगितलं, तवा मला कुठं ठावं? मीबी भ्यालतो की. पोरीनं मान हालवली, व्हय म्हणून. आन आसली रडली, आसली रडली — म्हस बुजली माझी.

धार तशीच टाकली. तिला एकटं सोडलं न्हाय. बनाबाईला बोलवलं, रिक्षा केली, सरकारी दवाखान्यात गेलतो, मनाच्या डाक्टरीणबाईंकडं. लई निवांत बोलल्या तिच्यासंगं. नंबरबी दिलाय — चौदा-चार-सोळा, सरकारी हाय, फुकट, कवाबी लावा, भितीवर खडूनं लिवलाय बघा. रातभर आमच्याच घरी ठिवली, बनाबाई तिच्या उशाला हुती. आज अकराला परत बोलवलंय, तुम्ही संगट जायाचं.

काय? नाटक? — अमरसिंहराव, पावणं हायसा म्हणून शिवी गिळतोय. पुन्यांदा त्यो शब्द काढू नगा! घरी न्हिऊन चांगलंचुंगलं खायाला घालतो म्हणताय — घाला की, पर आधी अकराचं बघा. खायाला घालून मी बसलोय सहा वर्सं. आन भावकीला काय सांगू म्हणून घाबरलाय व्हय? मी सांगतोय की, अपघात. तुम्हाला काय सांगायची पाळी न्हाय आली, पोरगी जित्ती हाय तुमची.

आवो, आवो — रडताय व्हय? रडा. हितं कोण काय म्हणत न्हाय. पर तिच्या म्होरं मार्काचं काढू नगा, ‘आईला किती तरास दिलास’ आसलं काढू नगा. काय दुखतंय ते इचारा आन ती बोलंल तवर गप बसा. मला जमत न्हाय गप बसाय, दिसतंयच तुम्हाला, पर तुम्ही बसा.

ती बघा, रिक्षा थांबली. उतरली की. उठा! तिथनंच बघतीया तुम्हाला, म्होरं याला धजत न्हाय पोरगी. जावा — आवो, जावा की!

माझ्याकडं काय बघताय? तिच्याकडं बघा.