एकटं पिनियन नको

— नाही, ‘पिनियन’ तसं लिहीत नाहीत हे मलाही कळतं काका, पार्टचं नाव लिहून दिलेल्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागतो, आणि बोलणंही माझं साधंच, तेवढं सांभाळून घ्या — शाळा लवकर सुटली माझी. पण वस्तू तरी बरोबर आणलीय की नाही? हे बघा, फडक्यात गुंडाळून आणलंय. पिनियन, मागच्या ॲक्सलमधलं. इथं बोट फिरवा — जपून, कापेल — दात उडालेत. कालही दाखवलं होतं, तुम्ही जुने पार्ट विकायच्या, गिऱ्हाइकांच्या गडबडीत होता, न बघताच म्हणालात, घाल ती गाडी भंगारात. म्हणून आज दुपारचा आलो, म्हटलं गर्दी नसेल.

हो, दिसतंय मला, वरच्या फळीवर आहे ते. अगदी हेच आहे, मान्य. पण ते एकटं आहे ना. त्याच्या जोडीचं क्राऊन कुठंय? — तुम्हाला मी काय शिकवणार, क्राऊन मोठं चक्र न् पिनियन छोटं, दोघं एकमेकांवर घासून घासून बसलेले असतात, एकाला उचलून दुसऱ्याच्या घरात नेलं की गाडी चालते, नाही असं नाही, पण विव्हळते. मागून सारखं हूंऽऽऽ. तो आवाज मला नको. बाकी काहीही चालेल — दार गंजकं चालेल, काच तडकलेली चालेल, पण आत शांतता पाहिजे. — का म्हणजे? असंच. बाबांना आवडत नाही.

ती दुसरी जोडी राहू द्या, ती नंतरच्या मॉडेलची. नाव तेच, पण कंपनीनं मागच्या ॲक्सलचं पोट मोठं केलं. तसली एक घरी आणून कानस घेऊन बसलो होतो, हाताची सालटं निघाली. नाही बसत म्हणजे नाही बसत.

आता तुम्ही पण आत्यासारखंच बोलायला लागलात — नवी घे! नवीत बाबा बसतील कसे? त्यांचे पाय गेलेत. ह्या गाडीत पुढं एकच लांब सीट आहे, मध्ये काही नाही, गिअर स्टिअरिंगपाशी. दारातून टेकवले की सरकत येतात माझ्या शेजारी. आणि — हसू नका हं — आम्ही दोघं बोलतो ते फक्त तिथंच. घरात नाही बोलता येत. घरात समोरासमोर बसावं लागतं, तोंड बघावं लागतं, मग ते खिडकीकडं बघतात आणि मी फरशीकडं. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर. आत्या म्हणते, हे बाप-लेक म्हणजे दोन बंद कुलपं, किल्ली गाडीत विसरलेली. पण गाडी चालती हवी. बंद गाडीत बसवूनही पाहिलं मी, अंगणात, भिंतीकडं तोंड करून. म्हणाले, उतरव, वेड्यासारखं काय बसायचं.

आणि तुटलं कधी माहितीय? चढ होता, दुसरा गिअर टाकला, आणि ते एकदम म्हणाले — "तुला शाळेतून मी नाही काढलं. तुझ्या आईनं त्या दिवशी..." — आणि मागून खाडकन्! संपलं. गाडी थांबली, ते थांबले. आई गेली तेव्हा मी सहावीत, काका, शाळाही तेव्हाच सुटली. आजवर मी समजत आलो की ह्यांनी काढलं, त्यांच्या गॅरेजला हात हवा म्हणून. मनात किती शिव्या दिल्या असतील. आणि आता डॉक्टर आत्याला म्हणाले, घरी न्या, खायला मागतील ते द्या. खायला काय मागणार ते? मला ते वाक्य पुरं हवंय. एवढ्यासाठी जोडी हवी. झालं? सांगितलं तुम्हाला. सांगायचं नव्हतं.

काल तुमच्याकडून रिकाम्या हाती गेलो, झोप नाही. सकाळी उठून गाडीचं दार उघडलं. पिनियन काढलेलंच आहे, चाकं मोकळी फिरतात. म्हटलं चालत नाही तर ढकलू या. बाबांना उचलून आणलं, स्टिअरिंगमागं बसवलं, म्हटलं नुसतं सरळ धरा, हँडब्रेक हाताशी आहे. दाराला धरून लावला जोर — जड गाडी, तसूभर हलेना. मग मागं गेलो, डिकीला खांदा लावला. हलली! गल्लीतून बाहेर, दुधाच्या दुकानावरून, सगळे बघतायत, मला घाम फुटलेला. आणि मान वर केली तर मागच्या काचेतून दिसलं — आरशात त्यांचे ओठ हलत होते. बोलत होते, काका! रस्त्याकडं बघत बोलत होते, डोळे पुसत होते, मध्येच हात उडवत होते. मागं बंद काच, माझाच श्वास कानात. एक अक्षर नाही आलं. थांबावं, तर थांबलो की ते गप्प होणार. म्हणून ढकलतच राहिलो, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. मग धावत पुढं आलो. बाबा एवढे मोकळे दिसत होते, एवढे... मला म्हणाले, "बरं झालं, सांगून टाकलं. आता परत विचारू नकोस."

मी मान हलवली. हो म्हटलं. आणि गाडी वळवून ढकलत घरी आणली. विचारणार नाही मी, काका, पण चालत्या गाडीत आपणहून परत निघालंच, तर ऐकू यायला हवं — म्हणून जोडी.