माझंच नाव, पंधरा हप्त्यांत

…आणि वर तो करसल्लागार मलाच विचारतो, हे नाव तुम्ही विकत घेतलंत की भाड्याने? आता तुम्हीच सांगा, स्वतःचं आडनाव कुणी विकत घेतं का? मी घेतलं. तुम्हाला सांगतो, भाषाशास्त्रात डॉक्टरेट, चाळीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासतोय, त्या कामाची एक वेबसाइट आहे, तिच्या पत्त्यात माझं आडनाव, आणि त्याचंही दरवर्षी भाडं! भरत होतो मुकाट. गेल्या वर्षी मुदत संपत आल्याची ईमेल आली, तर 'मुदत'चा मु दीर्घ, 'नूतनीकरण'चा नू ऱ्हस्व, एकूण सात चुका. म्हटलं, असं लिहिणारा भामटाच असणार… सातही दुरुस्त करून पत्र परत पाठवलं, भाडं भरलंच नाही. पत्र खरं होतं. जन्मभर स्वतःवर शंका घेत आलो, नेमकी त्या दिवशी घेतली नाही. महिन्याभरात पत्ता कुणा परक्याने पटकावला, आणि त्याच्याकडून शंभरपट मोजून सोडवून आणला. नाव माझंच, बरं का.

पैसे लेकीचे. तिने बजावलं होतं, ही सगळी रक्कम यंदाच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा झाली तर काम चालू ठेवा, नाहीतर बाबा, आता पुरे. म्हणून गेलो करसल्लागाराकडे. तो म्हणतो, वार्षिक भाडं तो खर्च, पण दुसऱ्याकडून घेतलेलं नाव ही मालमत्ता. दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी मालमत्ता. अहो, पण ही माझ्या मूर्खपणाची शिक्षा आहे, शिक्षा कधी मालमत्ता असते का? तर म्हणे, मूर्खपणाला रकाना नाही. आणि नाव, बरं का, माझंच.

मग पेन उघडून विचारतो, "काका, आयुष्य किती धरायचं?"

असं तोंडावर… मी चाचरत म्हटलं, अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पुढचं काय सांगावं…

"तुमचं नाही हो, नावाचं. नियमाने पंधरा वर्षं. दरवर्षी पंधरावा हिस्सा वजा."

घरी आलो. लेक दारातच. झाली का वजा? म्हटलं, होतेय… पंधरा वर्षांत. तिने बोटांवर मोजलं.

"बाबा, तुम्ही तेव्हा त्र्याण्णवचे असाल."

मग हळूच म्हणाली, ठेवा चालू. दयेनं म्हणाली, कळतं मला, तेवढं शिकलोय. आमचे डॉक्टर सहा महिन्यांपुढची तारीख देत नाहीत. माझ्या प्रकृतीवर भरवसा काय तो आता कर खात्याला.