उत्तरेकडची भिंत

मी: बाबा, आमच्या शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीत तुम्ही सिमेंट घातलंय का?

बाबा: काय?

मी: हो की नाही, एवढंच सांगा. पैज आहे. मधल्या सुट्टीत ढापणी म्हणाली, "विचारून दाखव तुझ्या मिस्त्रीबाबांना." म्हटलं, त्यात काय एवढं!

बाबा: ही ढापणी कोणाची मुलगी?

मी: कोणाची का असेना!

बाबा: तसं नाही. ज्याला हे काम मिळालं नाही, त्यानंच हे पिल्लू सोडलं असणार. पोरींच्या तोंडून.

मी: कोणी काही सोडलेलं नाही. आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं सगळं. ताडपत्रीखाली सिमेंटच्या गोण्या होत्या.

बाबा: त्या कुंपणाच्या खांबांसाठी.

मी: गोण्या संपल्या, आणि खांब एकही नाही. खांब काय रात्रीतून पळाले?

आई: अहो, ती विचारतेय तर सांगा ना सरळ.

बाबा: झालं! आता तूही सुरू हो.

आई: मी कुठं काय म्हटलं? पंधरा दिवस फोन आला की गॅलरीत जाऊन दार लोटून घेता, तेव्हाही मी काही म्हटलं नाही.

बाबा: वक्तृत्वात पहिला नंबर काय आला, हिची जीभ फारच सुटलीय.

मी: त्या जिभेचाच तर प्रश्न आहे! उद्या अनुदानवाले साहेब येणार, त्यांना इमारत मी दाखवणार. मोठ्या बाईंनी कागद दिलाय. "सरकारी अनुदानाच्या अटीप्रमाणे चारही भिंती जुन्या पद्धतीनं, चुन्यातच दुरुस्त केल्या आहेत." हे मी म्हणायचं. माइकवर!

बाबा: मग म्हण की. लिहिलंय ते वाचायचं.

मी: पण खरं आहे का ते?

बाबा: अगं, तीन भिंती तर बघ, काय देखण्या झाल्यात.

आई: तीन?

बाबा: वाढ तू. भात वाढ.

मी: बाबा, आज मी पाणी टाकून पाहिलं.

बाबा: कसलं पाणी?

मी: बाटलीतलं. तुम्हीच शिकवलंत ना! एवढीशी होते, तुमच्या खांद्यावर बसलेली. "चुना पाणी पितो, सिमेंट परत पाठवतं." तीन भिंती गटागटा प्यायल्या. चौथी नुसती वरवर ओली झाली, बाकी सगळं पाणी माझ्या बुटात.

(बाबा उठून पंखा बंद करतात. पुन्हा लावतात.)

बाबा: मंजुरीचा कागद चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. हातात पडला तेव्हा मुदतीला दीड महिना उरलेला. चुना नुसता मुरायलाच महिना जातो. मुदत टळली की अनुदान परत. मग चौथी भिंत उघडी टाकून जायचं होतं का मी?

आई: आणि हे गॅलरीत बोलत होतात? घरात सांगितलं असतं तर! मी काय काय समजून बसले होते.

बाबा: काय समजलीस?

आई: राहू दे आता.

मी: पण सिमेंटनं आत ओल कोंडते आणि दगड सोलून निघतो, हेही तुम्हीच सांगता.

बाबा: पाच-सहा वर्षं तरी काही होत नाही.

मी: तेव्हा त्या खिडकीपाशी दुसऱ्या कुणीतरी पोरी बसतील.

आई: साहेबांना कळलं तर काय होईल हो?

बाबा: काय व्हायचंय! काळ्या यादीत नाव. मग जुन्या इमारतीला हात लावू देणार नाही कोणी. आणि मला दुसरं येतं काय? बाळा, एकच वाक्य आहे गं. वाचून टाक.

आई: तिच्या तोंडून नको. तुम्हाला हवं ते करा, पण तिच्या तोंडून नको.

मी: थांबा, भांडू नका. माझं ठरलंय. ते वाक्य मी वाचणार नाही. साहेबांना मी दक्षिणेकडून आत नेणार आणि तिन्ही भिंतींना पाणी पाजून दाखवणार. माझ्या बाबांचा हात कसला आहे, ते आधी बघू दे त्यांना. मग उत्तरेच्या भिंतीशी आलो की मी गप्प बसणार. तिथं तुम्ही बोलायचं, बाबा. बाटली मी धरीन.