अंगठ्याखालची तारीख

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे न्यायाधीश आणि ज्येष्ठ वकील मंडळी, सत्कारमूर्ती परुळेकर सर, आणि कामधंदा सोडून कुडाळच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी गौरजा तळवणेकर. आरोपींची बाजू मांडणारी वकील. आमच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात, त्याची आता सवय झाली आहे.

सर सरकारी ठसेतज्ज्ञ. निवृत्तीनंतर मालवणला आले आणि दर महिन्याच्या एका शनिवारी कोर्टाच्या बाररूममध्ये आम्हा बचावाच्या वकिलांचा वर्ग घेऊ लागले. रक्ताचे डाग, हस्ताक्षर, बोटांचे ठसे. खरं सांगते, सुरुवातीला निम्मे जण चहासाठी यायचे. ज्यांनी जन्मभर सरकारपक्षासाठी साक्ष दिली, ते आम्हाला का शिकवतात? मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "माझो अहवाल कोणीतरी नीट वाचूक होयो."

सावित्रीबाईंचा खटला तुम्हाला आठवत असेल. एप्रिलमध्ये एका घरात चोरी झाली. एकट्या असलेल्या वृद्ध मालकीणबाई चोराच्या धक्क्याने पडल्या आणि गेल्या. कपाटाच्या आतल्या कप्प्यावर अंगठ्याचा स्वच्छ ठसा मिळाला. पावसाळ्यात सावित्रीबाईंना पकडलं, ठसा जुळला. आदल्या गणपतीत त्यांनी त्या घरात साफसफाई केली होती, पण ते कोण ऐकतो?

पूर्वी मी काय केलं असतं? अहवाल खोटा आहे म्हणून आरडाओरड केली असती. पण अहवाल खरा होता. अंगठा त्यांचाच होता. सरांनी वर्गात शिकवलेलं एवढंच आठवलं, की ठसा कोणाचा ते सांगतो, कधीचा ते सांगत नाही.

मग मी तुरुंगात त्यांना विचारलं, एप्रिलमध्ये काय करत होतात? "काजू फोडी होतंय," त्या म्हणाल्या. इथल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. टरफलातल्या तेलाने कातडी जळते, बोटांवरच्या रेषा पार जातात. हंगाम संपला की हळूहळू परत येतात. म्हणजे कपाटातला तो स्वच्छ ठसा एप्रिलचा असूच शकत नव्हता.

पण कोर्टात दाखवायचं कसं? तुरुंगात तर बोटं बरी झालेली. जामिनावर सुटल्यावर सावित्रीबाई सरांना म्हणाल्या, "माका परत काजूर बसवा. जळांदेत बोटां." सरांचा आवाज मी तेव्हा प्रथमच चढलेला ऐकला. "पुराव्यासाठी तुमची बोटां मी जाळूक देवचंय नाय."

मग पुढच्या हंगामात त्यांच्यासोबत काजू फोडणाऱ्या सोबतिणी मजुरी बुडवून कोर्टात आल्या. सरांनी न्यायाधीशांसमोर त्यांचे ठसे घेतले. कागदावर नुसते काळे डाग. त्यातल्या सुगंधाताईंना सरकारी वकिलांनी विचारलं, मैत्रिणीला वाचवायला आलात ना? त्या म्हणाल्या, "माका रेशनाचा मशीन पण वळखणा नाय. तेकाच इचारा." रेशन दुकानदारानेही सांगितलं की चोरी झाली त्या एप्रिलमध्ये मशीन सावित्रीबाईंचाही अंगठा घेत नव्हतं. सावित्रीबाई निर्दोष सुटल्या.

मी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "ती म्हातारी कोणी मारली, तां अजून कळाक नाय." तो पेढा बशीत तसाच राहिला. मला वाईट वाटलं, आणि त्यांच्याबद्दलचा आदर तिथेच वाढला.

सर, तुम्ही लेकीकडे धारवाडला निघालात. वर्ग बंद पडणार नाही. विश्वेश आणि अवनी हे आमचे तरुण वकील तो चालवतील, आणि चहा मिळो न मिळो, मी पहिल्या बाकावर असेन.

सभागृह देणाऱ्यांचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक पोटात घाला.

आता सावित्रीबाई तुम्हाला मानपत्र देतील. त्या आता शाळेत पोषण आहार शिजवतात. मानपत्रावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यांना सही येते, तरी त्यांनी अंगठाच उमटवला आहे. चष्मा लावून बघा सर, एकूण एक रेषा दिसते. आणि तो कधीचा, असं पुढे कुणी विचारू नये, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने खाली आजची तारीख घातली आहे.